रस्त्याची लिपि आणि नवा चालक

घरांतील मुलाला किंवा मुलीला अठरा वर्षें पुरीं झालीं, कीं गाडी शिकण्याचा विषय निघतो. सुटीच्या दिवशीं सकाळीं एखादें मोकळें मैदान गांठलें जातें. क्लच कसा सोडावा, गिअर केव्हां बदलावा, ब्रेकवर पाय किती दाबावा, याचे धडे सुरू होतात. पंधरा-वीस दिवसांत गाडी धक्के न देतां पुढें जाऊं लागली, म्हणजे वडील मंडळी समाधानानें म्हणतात, “हात बसला!” राहतां राहिलीं रस्त्यावरचीं चिन्हें, दिवे आणि कायदा. शिकाऊ परवान्याच्या चांचणीच्या आदल्या रात्रीं तीं चित्रें एकदां डोळ्यांखालून घातलीं कीं काम भागतें, अशी पुष्कळांची समजूत असते. आणि चांचणी पार पडते म्हणून ती समजूत दृढहि होते.

ही समजूत घातक आहे. गाडी चालविणें म्हणजे केवळ एक यंत्र चालविणें नव्हे. ज्यांचीं नांवें ठाऊक नाहींत आणि ज्यांच्याशीं एक शब्दहि बोलण्यास सवड नाहीं, अशा शेंकडों माणसांच्या मधून तें यंत्र सुखरूप नेणें, हें खरें चालकाचें काम. त्या माणसांशीं बोलावयाची एकच भाषा आहे, आणि ती म्हणजे रस्त्यावरील चिन्हांची व दिव्यांची. यंत्रावर हात महिन्याभरांत बसतो. ही भाषा अंगवळणीं पडण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. म्हणून तिचें शिक्षण शेवटीं नव्हे, तर सर्वांत आधीं सुरू झालें पाहिजे, आणि तें घरांतच सुरू झालें पाहिजे.

या प्रश्नाचें गांभीर्य कळण्यास थोडे आंकडे पुरेसे आहेत. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका सालीं भारतांत ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. म्हणजे दिवसाला सरासरी चारशें साठांहून अधिक घरांवर हा घाला पडला. त्यांतहि तरुणांचा वाटा मोठा. जागतिक आरोग्य संघटनेनें तर असें दाखवून दिलें आहे, कीं ५ ते २९ वर्षें या वयांतील मुलांच्या व तरुणांच्या मृत्यूचें जगांतील पहिलें कारण कोणताहि रोग नसून रस्त्यावरील अपघात हें आहे. ज्या आईबापांनीं मुलांना पोलिओसारख्या रोगांच्या तडाख्यांतून जपून वाढविलें, त्यांनीं या एका संकटाविषयीं निष्काळजी राहावें, हें नवल नव्हे काय?

रस्त्यावरील चिन्हें ही कोणा अधिकाऱ्याची लहर नव्हे. गरजेपोटीं तीं जन्मास आलीं आहेत. जगांतील पहिला वाहतूक-दिवा लंडन शहरांत पार्लमेंटच्या इमारतीजवळ १८६८ च्या डिसेंबरांत उभारला गेला. त्या वेळीं रस्त्यावर मोटारी नव्हत्याच. घोड्यांच्या गाड्यांची गर्दीच एवढी होती, कीं पायीं जाणाऱ्यांना रस्ता ओलांडणें कठीण होई. जॉन पीक नाइट या रेल्वेच्या अभियंत्यानें रेल्वेच्या सिग्नलाचाच नमुना रस्त्यावर आणला. दिवसां वर-खालीं होणारे हात आणि रात्रीं गॅसवर जळणारे तांबडे व हिरवे दिवे, अशी त्याची रचना होती. दुर्दैवानें जानेवारी १८६९ मध्यें गॅसचा स्फोट होऊन तो दिवा चालविणारा पोलीस शिपाई जखमी झाला आणि तो प्रयोग थांबला. पुढें मोटारी आल्या, वेग वाढला, आणि अडचण नव्या रूपानें उभी राहिली. एका देशाची मोटार दुसऱ्या देशांत गेली, तर तेथील पाटीवरील अक्षरें चालकाला वाचतां येईनात. यावर १९०९ सालीं पॅरिस येथें भरलेल्या परिषदेनें उंचसखल रस्ता, वळण, चौक आणि रेल्वेचें फाटक या चार धोक्यांसाठीं चार चित्रें ठरविलीं. तेथून वाढत वाढत ही चित्रलिपि १९६८ सालच्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय करारापर्यंत आली, आणि पुढें भारतहि त्या करारांत सामील झाला.

शब्दांऐवजीं चित्रें कां, याचें उत्तर या इतिहासांत आहे, आणि तें मुलांना अवश्य सांगावें. भारतासारख्या अनेक भाषांच्या देशांत तर त्याचें महत्त्व अधिकच. कोल्हापूरचा चालक बेळगांवमार्गे धारवाडकडे गेला, तर तेथील कानडी पाट्या त्याला वाचतां येतीलच असें नाहीं. परंतु तांबड्या कांठाच्या त्रिकोणांतील वांकडा बाण त्याला तितकाच स्पष्टपणें सांगतो, कीं पुढें वळण आहे.

या लिपीचें व्याकरण सोपें आहे. तें एकदां कळलें, कीं शंभर चित्रें घोकावीं लागत नाहींत. चिन्हांचे वर्ग तीन. वर्तुळ हें आज्ञा करतें, त्रिकोण सावध करतो, आणि आयत माहिती देतो. वर्तुळाला तांबडा कांठ असेल तर ‘हें करूं नका’ किंवा ‘ही मर्यादा ओलांडूं नका’ असा त्याचा अर्थ. निळ्या वर्तुळांत पांढरा बाण असेल तर ‘याच दिशेनें जा’ अशी ती आज्ञा. तांबड्या कांठाचा त्रिकोण पुढें असलेल्या धोक्याची वर्दी देतो. निळा आयत पेट्रोल, दवाखाना, वाहनतळ अशा सोयी दाखवितो. या नियमाला दोन अपवाद आहेत, आणि ते मुद्दाम केलेले आहेत. ‘थांबा’ हें चिन्ह अष्टकोनी असतें आणि ‘रस्ता द्या’ हें चिन्ह उलट्या त्रिकोणाचें असतें. असे आकार दुसऱ्या कोणत्याहि चिन्हाला दिलेले नाहींत. धुळीनें अक्षरें झांकलीं, रंग विटला, किंवा चिन्ह मागच्या बाजूनें दिसलें, तरी आकारावरून तें ओळखूं यावें, हा त्यांतील हेतु. मागून दिसणारा अष्टकोन चालकाला सांगतो, कीं समोरून येणाऱ्याला थांबावयाचें आहे.

बारकावेहि कारणासह सांगितले म्हणजे विसरत नाहींत. निळ्या वर्तुळावर एक तिरपी तांबडी रेघ असेल, तर तेथें गाडी उभी करून ठेवण्यास मनाई आहे. फुलीसारख्या दोन रेघा असतील, तर क्षणभर थांबण्यासहि मनाई आहे. रेघ एक कीं दोन, एवढाच फरक. पण पुलाच्या तोंडाशीं कोणाला उतरवून घेण्यासाठीं अर्धा मिनिट थांबलेली एक गाडी मागें किती लांब रांग लावते, हें दाखविलें कीं दुसऱ्या रेघेचा अर्थ पटतो.

हें शिक्षण द्यावें कसें? त्याची उत्तम जागा चालकाच्या शेजारची बैठक ही होय, आणि उत्तम वेळ म्हणजे चाक हातीं येण्यापूर्वींचीं दोन वर्षें. समजा, वडील गाडी चालवीत आहेत आणि सोळा वर्षांची मुलगी शेजारीं बसली आहे.

“पुढें काय दिसतें, सांग पाहूं?” वडील विचारतात.

“त्रिकोणांत शाळेचें चित्र आहे, बाबा.”

“आणि शाळा दिसते का?”

“नाहीं. ती वळणापलीकडे असेल.”

“मग शाळाच दिसत नसतां चिन्ह इतक्या अलीकडे कां लावलें?”

मुलगी क्षणभर विचार करून म्हणते, “शाळा दिसेपर्यंत वेग तसाच राहिला, तर तेव्हां थांबायला उशीर झालेला असेल, म्हणून.”

एवढें उत्तर ज्या दिवशीं मुलीला स्वतः सुचलें, त्या दिवशीं तिनें शंभर चित्रांचें सार हस्तगत केलें. कारण जें अद्याप दिसत नाहीं तें सांगणें, हेंच सावधानतेच्या चिन्हाचें प्रयोजन आहे. दररोजच्या प्रवासांत अशीं पांच-सहा प्रश्नोत्तरें झालीं, तरी दोन वर्षांत डोळ्याला जी संवय लागते ती कोणत्याहि पुस्तकानें लागणार नाहीं. पायीं चालतांनाहि हा अभ्यास होतो. झेब्रा पट्ट्यांवर उभें राहून गाड्या कशा येतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यालाच पुढें चाकामागें बसल्यावर त्या पट्ट्यांपूर्वीं थांबण्याचें मोल कळतें.

दिव्यांविषयीं बोलावयाचें, तर तांबडा व हिरवा यांविषयीं कोणाला शंका नसते, घोटाळा पिवळ्याचा. शहरांतील अर्धे लोक पिवळा दिवा म्हणजे ‘लवकर निघा’ अशी सूचना समजतात. त्याचा खरा अर्थ उलट आहे. पिवळा लागतांच थांबण्याच्या रेघेअलीकडे थांबावयाचें. मात्र गाडी रेघेच्या इतकी जवळ आली असेल, कीं एकदम थांबल्यास अपघात होईल, तरच पुढें जावयाचें. लुकलुकणारा पिवळा सांगतो, ‘सावकाश, पाहून जा.’ लुकलुकणारा तांबडा सांगतो, ‘पूर्ण थांबा, वाट मोकळी असल्याची खात्री करा, मग जा.’ आणि चौकांत पोलीस शिपाई उभा राहून हातानें इशारा करीत असेल, तर दिवा कांहींहि दाखवो, शिपायाचा हात मानावयाचा. हिरवा दिवा असला, तरी समोरचा चौक गाड्यांनीं भरलेला असतांना आंत शिरणें हेंहि अयोग्यच. त्यानें चारी बाजूंचा रस्ता तुंबतो.

पिवळ्या दिव्याचें गणित मुलांना कागदावर करून दाखवावें. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत बरोबर १० मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच १० मीटर गेले. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी सुमारें ७ मीटर लागतात, एकूण १७. आतां वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर केला, तर पहिले १० मीटर २० होतात, आणि पुढचे ७ मीटर दुप्पट न होतां चौपट, म्हणजे सुमारें २८ होतात. एकूण ४८ मीटर. वेग दुप्पट झाला आणि थांबण्याचें अंतर जवळजवळ तिप्पट झालें. पावसाळ्यांत हें अंतर आणखी वाढतें. तांबड्या वर्तुळांतील ‘४०’ किंवा ‘५०’ हा आंकडा या गणितांतून निघतो, हें ज्याला समजलें, त्याला तो आंकडा सरकारी जाच वाटत नाहीं.

जेथें दिवा नाहीं आणि शिपाईहि नाहीं, तेथें नव्या चालकाची खरी परीक्षा होते. अशा चौकांत उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधीं वाट द्यावयाची, आणि गल्लींतून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्यानें मोठ्या रस्त्यावरील वाहनांना आधीं जाऊं द्यावयाचें, हा नियम आहे. रस्त्याच्या मधली रेघ अखंड असेल तर ती ओलांडावयाची नाहीं. तुटक असेल तर समोर मोकळें असल्याचें पाहून ओलांडतां येते. हे नियम पुष्कळ अनुभवी चालकांनाहि ठाऊक नसतात. त्यांच्या ठिकाणीं हॉर्न वाजवून पुढें घुसण्याची रूढि पडली आहे. परंतु हॉर्नानें हक्क मिळत नाहीं. ज्या चौकांत प्रत्येकजण हॉर्नावर विसंबतो, तेथें दोघांपैकीं कोण थांबेल, हें दोघांनाहि ठाऊक नसतें. नियम पाळला, तर तें आधींच ठरलेलें असतें.

आतां कायद्याचा भाग. मोटार वाहन कायदा, १९८८ याप्रमाणें मोटार किंवा नेहमींची स्कूटर चालविण्यास अठरा वर्षें पुरीं झालेलीं असलीं पाहिजेत. सोळाव्या वर्षानंतर पालकांच्या संमतीनें जो परवाना मिळतो, तो पन्नास घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरताच असतो; घरोघरीं दिसणाऱ्या स्कूटरींचीं इंजिनें याच्या दुपटीहून मोठीं असतात. म्हणजे ‘सोळाव्या वर्षीं स्कूटर चालते’ हा जो समज शिकवणीच्या वर्गांबाहेर उभ्या असलेल्या दुचाकींच्या रांगांतून दिसतो, तो निराधार आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस लोटल्यावांचून पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. शिकतांना मोटारीला पुढें व मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल’ अक्षर लावावें लागतें, आणि शेजारीं परवानाधारक शिक्षक असावा लागतो. गाडी तत्काळ थांबवितां येईल अशा जागीं त्यानें बसलें पाहिजे.

२०१९ च्या दुरुस्तीनें या कायद्यांत १९९-अ हें कलम आलें, आणि तें प्रत्येक आईबापानें समजून घेण्यासारखें आहे. अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड; वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द; आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. मूल गाडी घेऊन गेलें तें वडिलांच्या संमतीनेंच, असें न्यायालय गृहीत धरतें; तें नकळत घडलें, किंवा तें टाळण्यासाठीं योग्य ती काळजी घेतली होती, हें पालकांनाच सिद्ध करावें लागतें. “जवळच तर जायचें आहे, घेऊन जा किल्ली,” हें वाक्य उच्चारतांना आई किंवा वडील केवढी जोखीम पत्करतात, हें यावरून कळेल. आणि कैद व दंड यांची जोखीम तरी लहानच. त्या गाडीखालीं कोणाचें मूल आलें, तर त्याची भरपाई कोणत्याहि कलमानें होत नाहीं.

परंतु शिक्षेच्या भीतीनें शिकविलेला नियम शिपाई दिसेनासा होतांच गळून पडतो. मुलें कानांनीं कमी आणि डोळ्यांनीं अधिक शिकतात. वडील रात्रीं मोकळ्या चौकांत तांबडा दिवा ओलांडतात. आई एका हातानें फोन कानाशीं धरून गाडी वळविते. काका शिपाई दिसेपर्यंत हेल्मेट कोपरावर अडकवून ठेवतात. मागें बसलेलें दहा वर्षांचें मूल हें सर्व पाहत असतें आणि मनांत एक निराळाच कायदा लिहीत असतें: नियम हा पकडलें जाण्यापुरता असतो. आठ वर्षांनीं तेंच मूल चाकामागें बसतें, तेव्हां वडिलांचें व्याख्यान त्याच्या कानांवरून जातें आणि वडिलांचें वर्तन त्याच्या हातापायांत उतरतें. २०२२ सालीं हेल्मेट न घातल्यामुळें देशांत सुमारें पन्नास हजार दुचाकीस्वार व त्यांचे सहप्रवासी मरण पावले. त्यांतील कितीतरी जणांनीं लहानपणीं घरांतल्या मोठ्यांना डोक्यावर मोकळा वारा घेत जातांना पाहिलें असेल.

परवाना हातीं आल्यावरहि शिक्षण संपत नाहीं. न्यूझीलंड या देशानें १९८७ सालीं नव्या तरुण चालकांसाठीं टप्प्याटप्प्यांनीं परवाना देण्याची पद्धति सुरू केली. तींत आरंभींच्या काळांत रात्रीं एकट्यानें गाडी चालविण्यावर आणि बरोबर मित्रमंडळी घेण्यावर निर्बंध असतात. त्याचें कारण उघड आहे. अंधारांत अंदाज चुकतो, आणि समवयस्कांच्या समोर धाडस दाखविण्याचा मोह या वयांत अनावर होतो. भारताच्या कायद्यांत अशी तरतूद नाहीं. पण घराच्या कायद्यांत ती करण्यास कोणाची मनाई आहे? पहिले सहा महिने रात्रीं दहानंतर गाडी नाहीं. पहिले तीन महिने मित्रांचा घोळका नाहीं. पट्टा पुढच्यांनीं तसाच मागच्यांनींहि लावावयाचा. फोन वाजला तरी गाडी कडेला उभी केल्यावांचून घ्यावयाचा नाहीं. हे नियम मुलांबरोबर बसून ठरवावे, आणि त्यांतले शेवटचे दोन वडिलांनाहि लागू असावे.

शेवटीं एक कर्तव्य असें आहे, कीं तें चांचणीच्या चित्रांत बहुधा येत नाहीं. अपघात घडलाच, तर चालकानें पळून जाऊं नये. जखमी माणसाला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी आणि पोलिसांना कळवावें, असें कायदा सांगतो. गर्दीच्या संतापामुळें जिवाला धोका असेल, तर तेथून दूर होऊन तत्काळ पोलिसांकडे जावें. आणि अपघात दुसऱ्याकडून घडला असतां जो मदतीला धांवतो, त्याला २०१९ च्या दुरुस्तीनें संरक्षण दिलें आहे; सद्भावनेनें मदत करणाऱ्याला त्या मदतीबद्दल जबाबदार धरतां येत नाहीं, आणि नांवगांव सांगण्याची सक्तीहि त्याच्यावर करतां येत नाहीं. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिसांची मदत मिळते, हें घरांतील प्रत्येकाला तोंडपाठ असावें. रुग्णवाहिकेला वाट न देणें हा दहा हजार रुपयांपर्यंत दंडाचा अपराध आहे. परंतु त्या गाडींतून कोणाचा तरी जीव चालला आहे, एवढी जाणीव असली तर तो आंकडा सांगावाहि लागूं नये.

समोरून साठांच्या वेगानें येणारा अनोळखी माणूस आपल्या बाजूनेंच जाईल, तांबड्या दिव्याशीं थांबेल, आणि झेब्रा पट्ट्यांवरील म्हातारीला जाऊं देईल, या भरंवशावर प्रत्येकजण घराबाहेर पडतो. तो भरंवसा कोणी लिहून दिलेला नसतो. तो चिन्हांच्या आधारें उभा असतो आणि रोज पाळल्यानें टिकतो. अठरा वर्षांच्या मुलाच्या हातीं गाडीची किल्ली देणें म्हणजे त्या भरंवशांत त्याला सामील करून घेणें होय. म्हणून किल्ली देण्यापूर्वीं आईवडिलांनीं एवढें पाहावें, कीं क्लच आणि गिअर तर त्याला येतोच; पण वळणापलीकडची न दिसणारी शाळा त्याला दिसूं लागली आहे काय? ती दिसूं लागली असेल, तर खुशाल किल्ली द्यावी. नसेल, तर आणखी थोडे दिवस त्याला शेजारच्या बैठकीवर बसवावें.